धूमकेतूचा माग

वर्षानुवर्षे तोंड न दाखवणारा एखादा आप्त अवचित दारात उभा राहिला, चार दिवस घर डोक्यावर घेऊन पुन्हा नाहीसा झाला, की मराठी घरात 'हा धूमकेतू कोठून उगवला?' असा प्रश्न हमखास विचारला जातो. खेड्यापाड्यांतून याच धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणतात. नाव कोणतेही घेतले तरी त्यामागची समजूत एकच असते. चंद्रसूर्यांना वेळापत्रक आहे, ग्रहांना पंचांग आहे. हा पाहुणा मात्र बेभरवशाचा. तो केव्हा येईल आणि केव्हा जाईल हे कोणी सांगू शकत नाही.

ही समजूत केवळ अडाण्यांची होती असे मात्र नव्हे. सहाव्या शतकातील वराहमिहिर हा साक्षात गणिती ज्योतिषी. ग्रहगणिताचे पाच सिद्धांत त्याने एका ग्रंथात संकलित केले. पण बृहत्संहितेच्या केतुचार अध्यायात तो मोकळेपणाने सांगतो की, केतूंचा उदय व अस्त गणिताने जाणता येत नाही. केतू किती आहेत याविषयीही त्याच्यापुढे मतभेदच होते. कोणी एकशे एक म्हणत, कोणी हजार म्हणत. आणि नारदाचे मत असे की, केतू एकच आहे, तोच निरनिराळी रूपे घेऊन येतो. नारदाचे हे मत प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु एकच धूमकेतू पुन्हा पुन्हा येत असेल ही शंका, थोड्या वेगळ्या रूपात का होईना, युरोपात गणिताने सिद्ध व्हायला अठरावे शतक उजाडावे लागले.

ते काम एडमंड हॅली याचे. न्यूटनने १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडताना १६८० च्या मोठ्या धूमकेतूचा मार्ग काढून दाखवला होता. तीच रीत घेऊन हॅलीने जुन्या नोंदींतील चोवीस धूमकेतूंच्या कक्षा काढल्या आणि १७०५ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी १५३१, १६०७ आणि १६८२ या वर्षांच्या तीन धूमकेतूंच्या कक्षा जवळजवळ एकसारख्या होत्या. हा एकच धूमकेतू असून तो १७५८ च्या सुमारास पुन्हा येईल, असे त्याने सांगितले. तो स्वतः १७४२ मध्ये वारला. पुढे क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या विदुषी, अशा तिघांनी गुरू व शनी यांच्या ओढीचा हिशेब अहोरात्र बसून केला. धूमकेतू ६१८ दिवस उशिरा येईल आणि १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास, महिनाभर मागेपुढे, सूर्याच्या अगदी जवळ असेल, असे त्यांचे उत्तर आले. प्रत्यक्षात तो १३ मार्चला तेथे पोहोचला. युरेनस आणि नेपच्यून हे ग्रह त्या काळी कोणास ठाऊकही नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या उत्तराची किंमत कळते.

आता प्रश्न असा की, आकाशात चार-सहा आठवडे दिसणाऱ्या अंधूक ठिपक्यावरून त्याचा सबंध मार्ग काढतात तरी कसा? यातील अडचण नीट समजण्यासाठी रात्रीच्या आगगाडीतील प्रवासी डोळ्यांपुढे आणावा. खिडकीतून दूर अंधारात एक दिवा सरकताना दिसतो. तो जवळून जाणाऱ्या सायकलचा आहे की लांबच्या सडकेवरील मोटारीचा, हे एका दृष्टिक्षेपात कळत नाही. दिशा कळते, अंतर कळत नाही. शिवाय पाहणाऱ्याची गाडीही धावत असते. धूमकेतूचा वेध घेणाऱ्याची स्थिती नेमकी अशीच आहे. पृथ्वी ही त्याची आगगाडी. दुर्बिणीतून त्याला धूमकेतूची केवळ दिशा मिळते, म्हणजे दोन अंक मिळतात: विषुवांश आणि क्रांति. भूगोलातील रेखांश व अक्षांश जसे, तसेच हे आकाशातील.

उलटपक्षी, कक्षा पुरती ठरवायची तर सहा अंक लागतात. ज्या पातळीत धूमकेतू फिरतो ती पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला किती कललेली आहे आणि कोणत्या दिशेस छेदते, हे दोन अंक. त्या पातळीत कक्षेचे तोंड कोणीकडे आहे, हा तिसरा. सूर्यापासून कमीत कमी अंतर किती, हा चौथा. त्या जागी, म्हणजे उपसूर्य बिंदूत, धूमकेतू केव्हा असेल ती वेळ, हा पाचवा. आणि कक्षेचा आकार किती लांबट, हा सहावा. एका वेधातून दोन अंक, म्हणून सहा अंकांना तीन वेध हवेत. धूमकेतूची चाल गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने बांधलेली आहे आणि पृथ्वीची जागा आपल्याला ठाऊक आहे, म्हणूनच हे शक्य होते. नियम नसता तर हजार वेधही पुरे पडले नसते.

यात एक सवलत मात्र निसर्गाने दिली आहे. बहुतेक धूमकेतूंच्या कक्षा इतक्या लांबट असतात की, सूर्याजवळचा तेवढा दिसणारा तुकडा अन्वस्त वक्राहून वेगळा ओळखू येत नाही. अन्वस्ताचा आकार ठरलेला असतो. तो गृहीत धरला की सहावा अंक आपोआप सुटतो आणि पाचच उरतात. ब्रेमेन शहरातील ओल्बर्स या डॉक्टराने १७९७ मध्ये याच आधारावर एक सुटसुटीत रीत बसवली. दिवसा रोगी तपासावे आणि रात्री घराच्या माडीवरून आकाश पाहावे, असा त्याचा परिपाठ होता. त्याची रीत पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात राहिली.

पहिली कक्षा काढली म्हणजे काम संपले असे नसते. किंबहुना तेथून ते सुरू होते. तीन वेध जवळजवळच्या दिवसांचे असले तर त्यांतील बारीकशी चूकही पुढे कोट्यवधी किलोमीटरांचा फरक पाडते. म्हणून त्या कच्च्या कक्षेवरून पुढील आठवड्यांचे स्थितिपत्रक तयार करतात, रोज धूमकेतू त्या जागी सापडतो की नाही ते पाहतात, आणि गणित व वेध यांतील तफावतीवरून कक्षा दुरुस्त करतात. पंचांगवादात आपल्याकडे 'दृक्प्रत्यय' हा शब्द फार गाजला. गणिताने काढलेली जागा आणि डोळ्यांना दिसणारी जागा एक असावी, एवढाच त्याचा अर्थ. धूमकेतूच्या बाबतीत हा दृक्प्रत्यय रात्रीमागून रात्र मिळवावा लागतो आणि मध्ये खंड पडला तर धागा तुटतो.

जागेइतकीच दुसरी नोंद तेजाची. ताऱ्यांच्या तेजाच्या प्रती ग्रीक काळापासून चालत आल्या आहेत. ठळक तारा पहिल्या प्रतीचा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा सहाव्या प्रतीचा. पण एका प्रतीत आणि दुसऱ्या प्रतीत नेमका फरक किती, याला माप नव्हते. ते माप १८५६ मध्ये ऑक्सफर्ड येथे काम करणाऱ्या नॉर्मन पॉगसन या तरुण ज्योतिर्विदाने सुचवले. पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट तेज, म्हणून एका प्रतीचा फरक सुमारे अडीच पट. जगभर आजही हेच माप चालते. या पॉगसनची गाठ पुढे मद्रासला पुन्हा पडणार आहे.

तारा हा बिंदू आणि धूमकेतूचे डोके म्हणजे धुरकट गोळा. दोहोंची तुलना करायची कशी? अनुभवी निरीक्षक त्यासाठी एक साधी युक्ती करतात. जवळच्या ज्ञात ताऱ्यांवरून दुर्बिणीची भिंग-जुळणी मुद्दाम बिघडवायची, म्हणजे तारेही धूमकेतूएवढे पसरट दिसू लागतात. मग कोणत्या ताऱ्याचा डाग धूमकेतूच्या बरोबरीचा आहे ते पाहायचे. इतके साधे साधन असूनही सरावलेल्या डोळ्यांचे अंदाज चांगले जुळतात. विजेरी प्रकाशमापके आली तरी हौशी निरीक्षकांच्या नोंदींना मान आहे, तो यामुळेच.

तेजाचे भाकीत करणे मात्र जागेच्या भाकितापेक्षा कितीतरी अवघड. नुसता दगड असता तर हिशेब सोपा होता: सूर्यापासूनचे अंतर निम्मे झाले की त्यावर पडणारा प्रकाश चौपट, पृथ्वीपासूनचे अंतर निम्मे झाले की दिसणारे तेज आणखी चौपट. पण धूमकेतूचे अंतरंग बर्फाचे आणि धुळीचे. ऊन वाढले की बर्फाची वाफ होते, वाफेबरोबर धूळ उडते आणि प्रकाश परतवणारा पसाराच वाढतो. त्यामुळे सूर्यापासूनचे अंतर निम्मे झाले तर तेज साधारणतः सोळा पट होईल, असे धरून चालतात. 'साधारणतः' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. १९७३ च्या मार्चमध्ये कोहूटेक यांना हँबुर्ग येथे एक धूमकेतू सापडला. सूर्यापासून इतक्या लांब असूनही तो चांगला तेजस्वी होता. त्यावरून हा शतकातला धूमकेतू ठरणार, अशी वर्तमानपत्रांनी दवंडी पिटली. डिसेंबरअखेर तो सूर्याजवळ आला आणि गेला. ज्योतिर्विदांना त्यापासून पुष्कळ शिकायला मिळाले, परंतु गच्चीवर जागत बसलेल्या सामान्य माणसांची निराशाच झाली. गणित चुकले होते असे नव्हे. तो ठरल्या वेळी, ठरल्या जागी होता. फक्त तेजाने दगा दिला. याच्या उलट उदाहरण २००७ सालचे. होम्स नावाचा धूमकेतू सूर्यापासून दूर चालला होता आणि सतराव्या प्रतीइतका मंद होता. ऑक्टोबरअखेर दोन दिवसांच्या आत तो तिसऱ्या प्रतीच्याही वर चढला आणि नुसत्या डोळ्यांना दिसू लागला. पाच लाख पटींची ही वाढ कोणाच्याही स्थितिपत्रकात नव्हती. आणि २०१३ च्या नोव्हेंबरात ज्याची सगळे वाट पाहत होते तो आयसॉन सूर्याजवळून जाताना विरूनच गेला.

ज्या वाफेमुळे तेजाचा भरवसा नाही, तीच वाफ कक्षेतही ढवळाढवळ करते, हे कळायला बराच काळ लागला. एन्के या जर्मन गणितज्ञाने १८१९ मध्ये सव्वातीन वर्षांच्या थोड्या अधिक अवधीत फेरी पुरी करणारा एक धूमकेतू ओळखला. ग्रहांच्या ओढीचा सगळा हिशेब करूनही हा गृहस्थ दर खेपेस सुमारे अडीच तास लवकर येई. अवकाशात काही विरळ द्रव्य असून त्याचा अडथळा होतो, असे एन्केने मानले. खरे कारण १९५० मध्ये फ्रेड व्हिपल यांनी सांगितले. धूमकेतूचा गाभा म्हणजे मळकट बर्फाचा गोळा. तो स्वतःभोवती फिरत असतो आणि तापलेल्या बाजूने वाफेचा झोत सुटला की गोळ्याला उलट दिशेने हलकासा धक्का बसतो. गाभ्याच्या फिरण्याच्या दिशेवरून तो लवकर येईल की उशिरा, ते ठरते. हॅलीचा धूमकेतू १९१० मध्ये काळजीपूर्वक केलेल्या गणितापेक्षा सुमारे तीन दिवस उशिरा आला, त्याचेही कारण हेच. धूमकेतूचा माग काढणारा आज गुरुत्वाकर्षणाच्या जोडीला या झोतांचाही अंक धरतो.

या सर्व अडचणी एकाच धूमकेतूच्या वाट्याला याव्यात आणि त्याची शेवटची साक्ष मद्रासच्या वेधशाळेत नोंदली जावी, असा योग एकोणिसाव्या शतकात आला. १८२६ च्या २७ फेब्रुवारीस बोहेमियातील एका किल्ल्यात नोकरीस असलेल्या विल्हेल्म फॉन बीला या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याला एक धूमकेतू दिसला. कक्षा काढल्यावर कळले की, १७७२ आणि १८०५ साली दिसलेला हाच. साडेसहा ते पावणेसात वर्षांत तो सूर्याभोवती एक फेरी पुरी करी. १८३२ मध्ये तो भाकिताप्रमाणे परतला. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या अगदी जवळून जाते हे प्रसिद्ध झाल्यामुळे पॅरिसमध्ये मोठी घबराट उडाली होती. धूमकेतू त्या जागेवरून जाईल तेव्हा पृथ्वी तेथून एक महिन्याच्या वाटेवर असेल, हे लोकांना समजावून सांगण्यासाठी आरागो यांना लेखणी हाती घ्यावी लागली. पुढची खेप सूर्याच्या झगमगाटात वाया गेली. नंतर १८४५ च्या अखेरीस तो पुन्हा सापडला आणि १८४६ च्या जानेवारीत दुर्बिणींसमोर जे घडले ते तोवर कोणी पाहिले नव्हते. एकाचे दोन धूमकेतू झाले. दोघे शेजारी शेजारी, सुमारे अडीच लाख किलोमीटरांवर, आपापली शेपटी घेऊन चालू लागले. त्यांच्या तेजाचा खेळ तर अधिकच विलक्षण होता. कधी थोरला उजळे आणि धाकटा मंदावे, तर कधी धाकटा थोरल्याला मागे टाकी.

१८५२ मध्ये दोघेही परत आले. आता त्यांच्यामध्ये सुमारे चोवीस लाख किलोमीटरांचे अंतर पडले होते आणि मूळचा कोणता व जोडीदार कोणता, याचा निकाल काही लागेना. सप्टेंबरअखेर ते दिसेनासे झाले. १८५९ ची खेप वेधास गैरसोयीची होती. १८६६ ची खेप मात्र चांगली होती. स्थितिपत्रके तयार होती, दुर्बिणी सज्ज होत्या, पण त्या जागी काहीही नव्हते. १८७२ च्या शरदातही शोध झाला, तोही व्यर्थ.

मग २७ नोव्हेंबर १८७२ ची रात्र आली. पृथ्वी बीलाच्या कक्षेजवळून जात असता युरोपच्या आकाशात उल्कांचा पाऊस पडला. देवयानी तारकासमूहातील एका जागेतून निघाल्यासारख्या त्या चोहोकडे उधळत होत्या आणि काही तासांत त्या हजारोंनी मोजल्या गेल्या. बीलाच्या कक्षेत त्याची धूळ पसरलेली असावी, हे तर्क आधीच निघालेले होते. ग्यॉटिंगेन येथील प्रोफेसर क्लिंकरफ्यूस यांनी त्यापुढे एक उडी मारली. त्यांना वाटले, ही नुसती धूळ नव्हे, धूमकेतूच पृथ्वीला चाटून गेला. तसे असेल तर देवयानीच्या दिशेकडून आलेला तो आता आकाशाच्या बरोबर विरुद्ध बाजूस, दक्षिणेकडील नरतुरंग समूहातील थीटा ताऱ्याजवळ दिसला पाहिजे. युरोपातून तो भाग क्षितिजाखाली. मद्रासहून मात्र तो पहाटे दिसू शकत होता. क्लिंकरफ्यूस यांनी ३० नोव्हेंबरला मद्रासला तार केली.

मद्रासच्या सरकारी वेधशाळेचे प्रमुख त्या वेळी तेच नॉर्मन पॉगसन होते. १८६१ मध्ये ते तेथे आले आणि त्याच वर्षी त्यांनी एक लघुग्रह शोधून त्याला 'एशिया' हे नाव दिले. आशिया खंडातून लागलेला लघुग्रहाचा हा पहिला शोध. त्यांच्या हाताखाली चिंतामणी रघुनाथाचारी यांच्यासारखे निष्णात भारतीय साहाय्यक होते. वेधशाळेचे काम थोर आणि तुटपुंज्या साधनांनिशी चाललेले होते. तार मिळाल्यावर पॉगसन पहाटे दुर्बिणीशी जाऊन बसले. पण डिसेंबर म्हणजे मद्रासला ईशान्येकडील पावसाचे दिवस. पहिल्या दोन पहाटा ढगांनी आणि पावसाने खाल्ल्या. तिसऱ्या प्रयत्नात, उजाडता उजाडता, ढगांत निळ्या आकाशाची एक फट पडली आणि तीत एक गोल, तेजस्वी, शेपटीवाचूनचा गोळा दिसला. घाईघाईत एका बिननावाच्या ताऱ्याशी त्याच्या चार तुलना झाल्या. चार मिनिटांत तो विषुवांशात अडीच सेकंद पुढे सरकला होता. हा तारा नव्हे, चालता धूमकेतू आहे, याला एवढा पुरावा बस होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आकाश अधिक दयाळू निघाले. या वेळी कितीतरी अधिक तुलना झाल्या, त्यांत मद्रासच्याच ताराकोशांतील ताऱ्यांशी केलेल्या तुलनाही होत्या. गोळ्याचा व्यास पंचाहत्तर विकला भरला आणि आठ कला लांबीची फिकट शेपटी स्पष्ट दिसली, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीच्या सुमारे पाव भाग. ज्योतिर्विदांचा दिवस त्या काळी दुपारी बाराला सुरू होई, म्हणून या दोन पहाटांच्या तारखा ग्रंथांत २ आणि ३ डिसेंबर अशा सापडतात. लोकव्यवहाराच्या तारखेशी ताडून पाहणाऱ्याचा तेथे थोडा गोंधळ होतो. बीलाला एक जोडीदारही होता, त्याचा शोध घेण्यास पॉगसन यांना त्या पहाटे अवसर मिळाला नाही. तो उद्या घेता आला असता. पण पुढच्या पहाटे ढग आणि पाऊस परत आले. ते हटले तेव्हा धूमकेतू हाती लागला नाही, आणि जगातील दुसऱ्या कोणत्याही वेधशाळेत तो सापडला नाही.

दोन वेध, म्हणजे चार अंक. अन्वस्ताची सवलत घेऊनही पाच अंक हवे होते. एक कमी पडला.

तिसरी पहाट निरभ्र असती तर कच्ची का होईना, कक्षा निघाली असती, आणि ती हाती घेऊन पुढील काही आठवडे दक्षिणेकडील वेधशाळांना त्या धूमकेतूचा पाठलाग करता आला असता. हाती होते त्यावरून गणितज्ञांनी जेवढे करता येईल तेवढे केले. हा बीलाच होता असे धरून त्याच्या कक्षेशी मद्रासचे वेध जुळतात काय, हे त्यांनी तपासले. ते जुळले नाहीत. बीलाच्या दोन्ही तुकड्यांपैकी एकही त्या दिवशी त्या जागी असणे शक्य नव्हते. क्लिंकरफ्यूस यांची कल्पना चुकीची होती. उल्का धूमकेतूच्या वाटेवर विखुरलेल्या धुळीच्या होत्या, धूमकेतू तेथे नव्हता. आणि तरीही चुकीच्या कल्पनेने दाखवलेल्या जागी खराखुरा धूमकेतू सापडला. विज्ञानाच्या दप्तरात अशा योगायोगाची दुसरी नोंद क्वचितच असेल. पॉगसन यांची चूक झाली असावी, असे म्हणणारेही निघाले. पण दोन पहाटा, दोन वेगळे तारे, सरकलेली जागा आणि मोजलेली शेपटी, एवढा तपशील लिहिणाऱ्या माणसाला भास झाला, असे मानणे कठीण आहे.

आज असा धागा सहसा तुटत नाही. १९४९ च्या २ जुलैस हैदराबादहून हार्वर्डला शिकायला गेलेल्या वेणू बाप्पू यांना एका छायाचित्राच्या काचेवर नवा धूमकेतू दिसला, तेव्हाच छायाचित्रणाने काम किती सोपे केले होते. बाप्पू, बोक आणि न्यूकर्क या तिघांची नावे त्याला मिळाली. आता तर स्वयंचलित दुर्बिणी रात्रभर आकाश टिपतात, गणकयंत्रे सरकता ठिपका हुडकतात आणि काही तासांत त्याची जागा अमेरिकेतील केंद्रात जमा होऊन जगभरच्या वेधशाळांना कळते. एका गावी ढग असले तरी दुसऱ्या गोलार्धात आकाश मोकळे असते. २०१९ च्या ऑगस्टअखेर बोरिसोव्ह यांना क्रिमियात सापडलेल्या धूमकेतूची कक्षा थोड्याच दिवसांत अशी उघडी निघाली की, तो सूर्याच्या कुटुंबातला नाही, दुसऱ्या कुठल्या ताऱ्याकडून आला आहे, हे निश्चित झाले. हॅलीचा धूमकेतू २०६१ च्या जुलैअखेर पुन्हा उपसूर्य बिंदूत येईल, हेही आजच लिहून ठेवलेले आहे. त्या वेळी तो किती तेजस्वी दिसेल, हे मात्र कोणीही शपथेवर सांगणार नाही.

बीला पुन्हा दिसला नाही. त्याच्या धुळीने मात्र १८८५ च्या २७ नोव्हेंबरास आणखी एकदा, पूर्वीपेक्षाही मोठी, उल्कावृष्टी केली. पुढे पुढे तीही ओसरली. धूमकेतूंच्या आजच्या यादीत त्याच्या क्रमांकापुढे 'डी' हे अक्षर आहे. नाहीशा झालेल्या धूमकेतूंसाठी ते वापरतात. मद्रासच्या दोन पहाटांच्या पाहुण्यालाही त्या यादीत जागा मिळाली आहे, १८७२ सालच्या खाती. त्याच्या पुढचे अक्षर 'एक्स'. ज्यांची कक्षा काढण्यापुरते वेध मिळाले नाहीत, त्यांच्यासाठी ते अक्षर राखलेले असते.